हरकत असल्यास कळवावे

“ऐका, सरकार बोलतंय!” असं म्हणून डॉक्टर तर्जनी वर करायचे. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वर बघायची आणि मी मान खाली घालायची. वाचनालयात कुजबुजायचं असतं हे त्यांना मान्य होतं. पण हीथ्रो विमानतळाशेजारी हाउन्सलोत विमानांखाली राहिलेल्या माणसाची कुजबुज ती.

तुमच्याही ओळखीत असा एखादा रिटायर्ड डॉक्टर असेल, ज्याला गोल्फही जमलं नाही आणि अध्यात्मही. आमच्या डॉक्टरांनी जन्मभर इथल्या हॉस्पिटलात पेशंटना भूल दिली. पुढे दर मंगळवारी ट्यूबने मध्य लंडनमधल्या या वाचनालयात येऊन ते इंग्रजी अमदानीतल्या मुंबई सरकारच्या गॅझेटांची सूची करायचे. मी ईलिंगहून त्याच कामाला यायची. दोघंही व्हॉलंटियर, म्हणजे बिनपगारी फुल अधिकारी.

नदीवरच्या नावेचा लिलाव, पिण्याच्या विहिरीवर कपडे धुण्यास मनाई, सगळं ते चवीनं वाचायचे. “कोंडवाड्यात आणलेला तांबडा बैल, डावे शिंग मोडके. मालकाने ओळख पटवून न्यावा.” आणि मग एकदम हिरमुसायचे. “मालक आला की नाही, हे सरकार कधीच छापत नाही, बाईसाहेब.”

“आला असेल हो.”

“तुम्ही म्हणजे उगाच आशावादी.”

त्यांचा खरा जीव मात्र नोटिशीच्या शेपटावर. रस्ता वळवायचा असो की गायरान घ्यायचं असो, खाली ठरलेलं वाक्य असायचं: कोणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावे. “राज्य त्यांचं, बंदूक त्यांची, तरी विचारत होते बघा.”

“आणि ऐकत होते?”

“छे! विचारायची पद्धत होती.”

ही पद्धत त्यांनी घरीही लावली होती. बायको असताना ते फ्रिजवर नोटिसा चिकटवायचे. “उद्यापासून या घरात भोपळ्याची भाजी होणार नाही. हरकत असल्यास कळवावे.” संध्याकाळपर्यंत खाली पेन्सिलीनं उत्तर यायचं, “हरकत आहे. भोपळा आणलाय.” हे सांगताना ते हसून हसून डोळे पुसायचे. एकदा हसणं थांबलं तरी डोळे पुसतच राहिले. म्हणाले, “हरकत घेणारं माणूस गेलं की घर फार शांत होतं हो.” मी त्यांच्यापुढे माझा चिवड्याचा डबा सरकवला आणि वाचनालयात खायला बंदी आहे हे आम्ही दोघंही विसरलो.

पुढे मी आईच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेले. परत आले तेव्हा आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमधल्या बोर्डावर त्यांच्या नेटक्या अक्षरात कागद होता. “जाहीर नोटीस. सही करणार सदरहू इसम हाउन्सलोतील राहते घर विकून स्कॉटलंडला मुलाकडे कायमचे जात आहेत. कोणाची हरकत असल्यास महिनाअखेर कळवावे.”

महिना उलटून गेला होता. खाली रंगीबेरंगी पेनांनी लोकांनी लिहिलं होतं, “बिलकुल हरकत नाही!”, “एन्जॉय, काका!” कुणी हसरा चेहराही काढला होता. सेक्रेटरी म्हणाले, “काय सेन्स ऑफ ह्यूमर आहे हो डॉक्टरांचा! आम्ही हसून हसून मेलो.”

मी मात्र मंगळवारी टेबलाशी बसायच्या आधीच म्हटलं, “डॉक्टर, माझी हरकत आहे.”

त्यांनी चष्मा काढला. “कारण?”

“कारण कसलं? मंगळवारी मी भांडू कुणाशी?”

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग अगदी हळू, खरोखरच्या कुजबुजीत म्हणाले, “कारण ग्राह्य आहे, बाईसाहेब. पण मुदत संपली. शुक्रवारी कॉन्ट्रॅक्ट्स एक्सचेंज झाले, आता घराचा व्यवहार मोडता येत नाही.”

त्या दिवशी त्यांनी एकही नोटीस वाचून दाखवली नाही.

ते स्कॉटलंडला गेल्यानंतरच्या मंगळवारी काउंटरवरच्या मुलीनं नेहमीसारखी जुन्या पुस्तकांखाली ठेवायची फोमची उशी काढली, आणि मग डॉक्टरांसाठी दुसरीही काढली.

“जस्ट वन, प्लीज,” मी म्हटलं.