टिटवीची अंडी आणि शेजारीण

हडपसरच्या पुढं, नव्या इमारतींच्या मागं, थोडा माळ अजून उरलाय. दर उन्हाळ्यात माझी बायको उजाडताच शेजारणीबरोबर तिकडं जायची, टिटवीची अंडी बघायला. मला म्हणायची, "चला की." मी म्हणायचो, "दगडांत अंडी हुडकायला मी काय मुंगूस आहे?" आणि कूस बदलायचो.

माघात बायको वारली. चैत्रात शेजारीण एकटीच माळाकडं निघालेली बघितली आणि माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू? बायकोच्या सगळ्या सकाळी या बाईनं नेल्या. माझ्या वाट्याला नुसता चहा.

बाईच्या मागं जायचं नाही, अंडी आपली आपण शोधायची, असं ठरवून एक दिवस तिच्या आधीच निघालो. गवत वाळून पिवळं झालेलं. पायाजवळून ससा उधळला. पुढं गेलो तशी टिटवी डोक्यावर घिरट्या घालत कलकलाट करायला लागली, म्हणून खाली बघत चाललो. उघड्या जमिनीवर चार अंडी! मातीच्याच रंगाची, वर काळे ठिपके. त्यांच्यापासून चार हात लांब बूड टेकलं. म्हटलं, ही माझी.

ऊन चढलं. टिटवी ओरडून बेजार, पण खाली उतरेना.

"दाजी, उठा तिथनं!" बाभळीखालून शेजारीण ओरडली. बायकोला ती आक्का म्हणायची, म्हणून मी दाजी. "तुमच्यापायी ती बसंना. ओरडणं ऐकू येत नाही का? अंडी शिजतील की उन्हात!"

बूड झटकत बाभळीपाशी गेलो.

"आक्का कधी ह्या बाभळीच्या पुढं गेली नाही."

"मला कुठं सांगितलं तिनं?"

"तुम्ही कधी विचारलं?"

बुंध्याला टेकलो तर म्हणते, "ती माझी जागा. आक्का ह्या अंगाला उभी राहायची."

एवढी वर्षं संसार केला, आणि माझी बायको कुठं उभी राहायची ते हिनं मला सांगायचं! तरी सरकलो. तिथनं अंडी नेमकी दिसत होती.

"तुम्हाला दिसतात का?" मी विचारलं.

"माझी नजर कुठली एवढी? आक्का सांगायची, मी ऐकायची."

तेवढ्यात टिटवी उतरली. अंडी गार करायला कुठल्या तरी डबक्यात पोट भिजवून आली होती. पिसं फुलवून अंड्यांवर बसली.

"बसली का हो, दाजी?"

लगेच सांगितलं नाही. थोडा वेळ ते माझं एकट्याचं ठेवलं. मग म्हणालो, "बसली. पोट ओलं करून आलीय."