अब्बांचं चुंबकाचं चाक

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही — नवऱ्यापाशीही नाही. तुम्हाला का सांगते आहे, ते मलाही नीट कळत नाही.

माझे अब्बा आर्णीत पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तांब्याची तार गुंडाळून भरून द्यायचे. पण जीव अडकला होता एका चाकात. कडेला लोहचुंबक लावायचे, ते एकमेकांना ढकलत राहतील, आणि चाक विजेशिवाय, डिझेलशिवाय कायम फिरेल! मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. असं चाक फिरत नसतं, हे मी कितीदा सांगितलं. ते हसायचे, "तेरी किताब में सब लिखा है क्या, बेटा?"

त्यांना साथ एकाच माणसाची — तांड्यावरचे देवसिंग काका. सुतारकामात हात चांगला. चाकाखालची पोकळ लाकडी पेटी त्यांचीच.

मग अब्बांना लकवा मारला. ते खाटेवरून सांगायचे, काका चुंबक सरकवायचे. चाक जरा फिरायचं, थांबायचं. थांबलं की अब्बा भिंतीकडे तोंड करून पडायचे, जेवायचेही नाहीत.

एका दुपारी ते झोपलेले असताना मी — हो, मीच — पेटीत खेळण्यातली मोटर बसवली. सेल जोडले.

जागे झाले, तर चाक फिरत होतं. ढसाढसा रडले. काका आले तेव्हा चालत्या हाताने त्यांना कवटाळलं. जेवू लागले. मी गुपचूप सेल बदलत राहिले. थांबायचं तरी कुठे? रोज वाटायचं, उद्या सांगू.

अब्बांनी मला न सांगता कॉलेजातल्या एका सरांना चाक बघायला बोलावलं. मी घरी पोचले तेव्हा अर्धी गल्ली जमली होती, आणि सरांनी पेटी उलटी केली होती. वायरीला मोटर लोंबत होती. लोक हसत होते.

अब्बा बघत होते फक्त काकांकडे. पेटीला हात लावणारं दुसरं होतं कोण?

"देवसिंग, काहून रे? मले फसवलं?"

"रहीमभाई, माह्या लेकराची आन, मी नाही."

"जाय. पुन्हा येऊ नको."

आणि मी? दारात उभी. एक वाक्य बोलायचं होतं. मी फक्त सरकून वाट दिली. काकांनी चपला घातल्या, माझ्या बाजूनेच बाहेर पडले.

त्यानंतर अब्बा फार जगले नाहीत. गेले ते काकांवर रागावूनच. अब्बांना खरं सांगितलं असतं तर त्यांच्याजवळ कोण उरलं असतं, असं मी स्वतःला समजावत आले. खोटं आहे ते. मी भ्याले, एवढंच.

परवा बाजारात काका भेटले. पार थकलेत. "कशी हायेस बाई?" म्हणाले. मग आपणहूनच, "ते मोटर कोणं टाकली, मले अजून समजून नाही राह्यलं. पेटी तं माह्याच हातची."

मी म्हटलं, "काका, चहा घ्या."

त्यांनी घेतला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ऑटोकडे गेले.