जुनी लाइन आणि अर्धा चुडा

सुगराबी माझ्या दुकानात सायकल शिकव म्हणत आली, तेव्हा मी हसलो होतो. त्याची मला आजही लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकतो. रहिमतपुरात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान. समोर चाळिशीची बाई, डोक्यावर बांगड्यांची पेटी. दुसरं कुणीही हसलंच असतं.

तिचा नवरा कुतुबुद्दीन जन्मभर खेडोपाडी बांगड्या भरत फिरला. गुडघे गेले आणि तो घरी बसला, तशी पेटी सुगराबीनं घेतली. पण माळेवाडीकडची गाडीवाट म्हणजे दगडधोंडे आणि दोन ओढे. ठेच लागली की पेटीतल्या बांगड्या वाढायच्या. फुटल्या असं ती चुकूनही म्हणत नसे. दिवसाकाठी एक गाव झालं तरी पुष्कळ.

एकाहत्तर-बाहत्तरची ही गोष्ट. रेल्वेची मोठी लाइन, म्हणजे ब्रॉडगेज, आली आणि आमच्याकडच्या एका टप्प्यात छोट्या लाइनीची जुनी वाट बाजूला पडली. रूळ उचलले, स्लीपर गेले, खडी उरली. आम्ही सगळे नव्या गाडीचं कौतुक करण्यात गुंतलो होतो. सुगराबी मात्र एका सकाळी भाकरी बांधून त्या ओसाड वाटेनं एकटीच चालत सुटली. कुठल्या पुलाचे गर्डर काढून नेलेत, कुठं ओढ्यात उतरावं लागतं, कुठली मोरी अजून धड आहे, सगळं पायाखाली घालून संध्याकाळी परतली ती थेट माझ्याकडे.

"बाळासोभाऊ, आगीनगाडीला चढ सोसत न्हवता, माझ्या बांगड्यास्नीबी सोसत न्हाई. ती वाट माझ्यासाठीच केलीया बघ. सायकल तेवढी पायजे."

आठ दिवस ती बाजारतळावर पडली आणि उठली. मशिदीपुढच्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. आमच्या पारावरच्यांनीही मग मागं राहायचं नाही म्हणून मुरडली. "ज्यास्नी लाज वाटती त्यांनी डोळं मिटावं," असं म्हणत तिनं लुगड्याचा काचा घट्ट केला आणि नवव्या दिवशी जुन्या लाइनीवर सायकल घातली. पुढं दिवसाला तीन गावं व्हायला लागली. कुतुबुद्दीनच्या औषधापासून ज्वारीपर्यंत सगळं त्या वाटेवर चालू लागलं.

तिसऱ्या वर्षी माळेवाडीच्या मानसिंगरावांना वाटलं, लाइनीच्या दोन्ही अंगांचा ऊस आपला, तर मधली लाइनही आपलीच. जमीन सरकारची होती, पण माणूस मोठा. दोन्ही तोंडांना त्यांनी बाभळीचा काटा लावला आणि आत नांगर घालायची तयारी केली. सुगराबी भेटायला गेली तर म्हणाले, "लाइन गेली, वाट गेली. तू आपली गाडीवाटेनं येत जा." मीही तिला वर शहाणपण शिकवलं, की मोठ्यांशी वाकडं घेऊ नये. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं पंक्चर काढायला बसलो. पुन्हा पेटी डोक्यावर आली. पुन्हा दिवसाला एक गाव.

त्याच उन्हाळ्यात मानसिंगरावांच्या लेकीचं लग्न निघालं. त्यांची बायको रंगूबाई हिला चुडा भरायला दुसरी कुणी चालत नव्हती. मी मांडवाला लागणारी दिवाबत्ती घेऊन तिथं होतो, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं.

सोप्यात पाटावर नवरी बसली. भोवती पाव्हण्या बायका. सुगराबीनं डावा हात घेतला, बोटं दाबून मऊ केली आणि एकेक हिरवी बांगडी अशी चढवली की पोरीनं हूं की चूं केलं नाही. डावा हात कोपरापर्यंत भरला. मग तिनं पेटी बंद केली.

"आगं, उजवा?" रंगूबाई म्हणाली.

"उजवा लाइनीवर भरीन. काटा निघाला की."

मानसिंगराव तरातरा आत आले. "ह्ये काय चालवलंयस, सुगराबी? उंब्रजहून दुसरी आणतो!"

"आणा की, दादा. दुसरीनं सुरू केलेल्या चुड्याला कोन हात लावंल, ते बगा तरी."

कुणीच लावणार नव्हतं, तो अपशकुन, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. चुडा पुरा झाल्याशिवाय हळद लागत नाही. कालवलेली हळद वाट बघत होती. रंगूबाईनं नवऱ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आवं, पोर एका हातानं बसलीया. काडा काटा."

घटकाभरात गडी कोयते घेऊन गेले. मागोमाग नवरी, रंगूबाई आणि पाव्हण्यांची रांग. सुगराबीनं जुन्या लाइनीच्या खडीवर घोंगडं अंथरलं आणि उजवा हात भरला. पोरीनं वाकून तिला नमस्कार केला. मानसिंगराव बांधावर उभे होते. चारचौघांदेखत मोकळी केलेली वाट त्यांना पुन्हा कधी बंद करता आली नाही.

मला राहवलं नाही. परतताना विचारलं, "भाभी, काटा निघाला नसता तर पोरीला तसंच सोडलं असतंस?"

ती चालता चालता थांबली, डोळ्यांत पाणी आणि आवाजात राग.

"पोरीचा हात उघडा ठेवून मी घरी जाऊन जेवले असते व्हय रं? गपचिप भरून दिला असता. पन ते त्यास्नी कुटं ठावं हुतं?"