अंगणातला पाहुणा

आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील ती आरमोरीच्या बाजारात वाटायचे, मी घड्या घालून द्यायची. त्यातून माझं मत घट्ट झालं: छापलेलं पान गप्प राहतं, वाचणाऱ्यावर काही चालवत नाही. ग्रामसभेला जुना संगणक मिळाला तेव्हा मी ब्राउझरमध्ये वेबपानासोबत येऊन आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट सरसकट बंद करून टाकल्या. परक्याने पाठवलेल्या सूचना आमच्या यंत्रावर न विचारता का चालाव्यात? लागलाच तर वेगळा प्रोग्राम आपण निवडून घ्यावा.

पुढे ग्रामसभेच्या जंगलाचा नकाशा सरकारी वेबपानावर आला. हद्द चुकली असेल तर हरकत नोंदवायची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. अध्यक्षबाई शेजारी बसल्या. पान उघडलं. कोरं.

"जंगल कुठी हाय?"

"थांबा बाई, नकाशाचा वेगळा प्रोग्राम उतरवून राह्यली."

दोनदा उतरवला, दोनदा अडकला. दुपार टळली.

"तूनंच काई बंद करून ठेवलं का वो?"

मी तावातावाने तत्त्व सांगितलं. बाईंनी पूर्ण ऐकलं.

"अनोळखी माणूस घरात घ्याचा नाई, बरोबर. पण त्याले आंगणात बसवून पानी त देतो ना आपन? हे पानावरचं कुठी बसते?"

"ब्राउझरमध्येच. बाहेर फारसं जाता येत नाही त्याला."

"म्हंजे आंगणात. आन तू सकाळपासून ज्याले बलावून राह्यली, तो?"

तो उतरवलेला प्रोग्राम सगळ्या यंत्रात फिरू शकला असता.

"सैपाकघरात," मी म्हणाले.

बाई खो खो हसल्या.

तेवढ्या एका पानापुरत्या स्क्रिप्ट चालू केल्या. कोऱ्या जागेवर चौकोनाचौकोनाने जंगल उमटत गेलं. मी नकाशा सरकवायची, बाई म्हणायच्या, "चाल." कधीही नकाशा न वाचलेली ही बाई त्यावरून पायी निघाली होती. "हा टेकडा. इथी भाकर खाल्ली. इथी मोह." एका वळणावर त्यांचं बोट थांबलं. "रेष नाल्यावरून काऊन गेली? नाला आपल्या मधात हाय. पलीकडचा सारा तेंदू बाहेर राह्यला."

हरकत लिहिली, पाठवली. 'नोंद झाली' असं पडद्यावर आलं तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. मी पान मिटायला गेले.

"थांब. आपली फेरी पुरी नाई झाली."

मग मी नकाशा पुढे सरकवला आणि आम्ही दोघी नाला ओलांडून पलीकडे गेलो.