मानेवरचे दोन ठिपके

आमच्या शाळेला लागून खताचं दुकान आहे, फोन त्यांच्याकडेच. दुपारची सुट्टी नुकतीच संपली होती, मी चौथीला भागाकार शिकवत होते, आणि दुकानदार स्वतः वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, सांगलीवरनं फोन हाय. लवकर या." मी हातात खडू घेऊनच गेले. फोनवर दाजी होते, म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, नंदाचे यजमान. "बाई, नंदाला मण्यार चावला. रात्री, झोपेत. दवाखान्यात आणस्तवर गेली." यावर मी काय बोलले असेन? "दाजी, असली चेष्टा करू नका." खरंच, हेच शब्द. कारण त्या घरात चावण्याची चेष्टा वर्षानुवर्षं चालत आलेली, आणि मला क्षणभर वाटलं, नंदा शेजारीच उभी असणार, तोंडाला पदर लावून हसत असणार... मग दाजी एवढंच म्हणाले, "मानंवर चावला, बाई. कानामागं. दोन ठिपकं हायत." दीडेक महिना झाला या गोष्टीला. अजून माझ्या डोक्यात ते वाक्य शिरत नाही. बाहेरच घुटमळतं.

नंदाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी कुंडलला, तिच्या सासरी गेले. वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. नंदाची सोनी, आठवीत आहे, परसात खरकट्या भांड्यांपाशी नुसती बसून होती. मी जाऊन शेजारी टेकले. ती खाली बघतच म्हणाली, "मावशी, मी हसले." मला कळेना. मग तिनं सगळं सांगितलं. त्या दिवशी नंदा उठली तीच पोट दुखतंय म्हणत. रात्रीचा वांग्याचा रस्सा बाधला असेल म्हणून तिनं ओवा चावला. सोनी तिची वेणी घालायला बसली, तर कानामागं बारीक दोन ठिपके. सूज नाही, लाली नाही, काही नाही. सोनी म्हणाली, "आई, रात्री अभिराज येऊन गेला वाटतं!" (अभिराज म्हणजे नंदाच्या पुस्तकातला रक्त पिणारा, त्याचं पुढं सांगते.) आणि नंदा म्हणाली, "आला आन् मेला न उठवताच गेला व्हय गं?" दोघी हसून हसून लोळल्या. त्यानंतर नंदा म्हणाली, डोळं लय जड झाल्यात, जरा पडते. ती पडली. हाका मारल्या तर पापण्या उघडेनात, जीभ वळेना, तेव्हा कुठं घरात धावपळ झाली. दाजी साखर कारखान्यावर ड्यूटीला, त्यांना निरोप पाठवा, जीप शोधा, मग सांगली... दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, अंगावर कुठं खूण आहे का, तेव्हा सोनीनंच आईचे केस बाजूला करून दाखवली.

मण्यार सापाचा दंश पुष्कळदा कळतच नाही, झोपलेलं माणूस कूसही बदलत नाही, नंतर पोट दुखतं आणि पापण्या मिटायला लागतात, असं डॉक्टरांनी दाजींना समजावलं. दाजींना ते कळलं, गावाला मात्र कळून घ्यायचं नव्हतं. बाई नको ती पुस्तकं वाचायची, रोज आपल्या तोंडानं त्याला बोलवायची, आला तो... असं चांगली शिकली-सवरली माणसं बोलत होती! मला त्यांचा असा संताप येतो की काय सांगू. आणि हे सोनीच्या कानावर गेलं. आपण त्याचं नाव घेतलं, आपण हसलो, म्हणून आई गेली, हे त्या पोरीनं मनात घट्ट धरलंय. तेव्हापासून ती हसलेली नाही. नंदाबद्दल लिहायला बसले ती मुळात त्यासाठीच. हे ज्यात छापून येईल ती वर्तमानपत्राची पुरवणी त्यांच्या घरी येते, आणि नंदाची पोरगी म्हटल्यावर छापलेलं वाचल्याशिवाय राहायची नाही.

तर अभिराज. नव्वद साल उलटल्यानंतरची गोष्ट. नंदा कुंडलची सून, मी आष्ट्याची, पण नोकरी दोघींची कडेगावकडच्या एकाच शाळेत, आणि मी कुंडलला खोली घेऊन राहायचे. सकाळच्या एसटीत शेजारी-शेजारी बसायचो. सांगली स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर तिला एक पॉकेटबुक सापडलं. मालिकेचं नाव लिहीत नाही, लोक हसतील. अभिराज नावाचा रक्तपिशाच्च, तीनशे वर्षांचा, दिसायला पंचविशीचा. त्याचं प्रेम बसतं शलाका नावाच्या कॉलेजच्या पोरीवर. तिला चावलं तर ती कायमची त्याची होणार, आणि तो तर तिला चावायला तयार नाही, कारण प्रेम खरं आहे! असले सहा भाग. मी आधी नाक मुरडलं. "अगं, तू बौद्धांची पोर, भुताखेतावर विश्वास न्हाई म्हणून वर्गात ओरडून सांगतेस, आन् हे काय वाचतेस?" तर म्हणाली, "भूत कुठं वाचतीया? मी प्रेम वाचतीया. भुताचं बगून घील लेखक." तिचे वडील त्यांच्या घरातले पहिले मास्तर. लेकीला त्यांचं सांगणं एकच, काहीही वाच पण वाच, वाचण्यात लाजायचं काही नसतं. नंदानं ते शब्दशः घेतलं होतं. पहिला भाग संपेपर्यंत मीही अडकले. एकच प्रत दोघींत. ती भराभर वाचायची आणि पान न उलटता माझ्यासाठी थांबायची, आणि थांबणं काही तिच्या स्वभावात नव्हतं. "झालं का न्हाई तुजं? अगं, जिन्यात उभा हाय त्यो, चल की लवकर!" पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायची.

शाळेत न्यायचं म्हणजे त्याला तपकिरी कव्हर घालायचं, वर सुवाच्य अक्षरात 'शिक्षक हस्तपुस्तिका, परिसर अभ्यास'. नंदाचं अक्षर मोत्यासारखं. एकदा तपासणीला साहेब आले, नंदाच्या टेबलावरची ती हस्तपुस्तिका सहज उचलली, उघडली, आणि वाचत उभे राहिले. मी घाईघाईनं फळा पुसायला लागले. नंदा मात्र पोरांना पाढे म्हणायला लावून शांत. साहेबांनी पुस्तक मिटलं, "बघतो जरा सवडीनं" म्हणून पिशवीत टाकलं आणि गेले. आता मेमो येणार, बदली होणार, काय काय आम्ही मनात आणलं. पुढच्या फेरीला साहेब आले, पुस्तक टेबलावर ठेवलं, इकडेतिकडे बघितलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "बाई, ह्याच्या फुडचा भाग हाय का तुमच्याकडं?" नंदानं त्यांना कव्हर घालून दिला. नंतर आसपासच्या शाळांचं सगळं केंद्र परिसर अभ्यासात फार रस घ्यायला लागलं असं ती सांगायची. ते खरं की तिनं रचलेलं, देव जाणे.

सहावा भाग जिथं संपला तिथं अभिराजचे दात शलाकाच्या मानेला टेकलेले, आणि खाली 'पुढील भाग लवकरच'. बस्स. तो लवकर काही उगवला नाही. पगार घ्यायला, डोळे दाखवायला, लग्नाचा बस्ता बांधायला, कशालाही सांगलीला गेलो तरी नंदा आधी स्टॉलवर. "आला का वो सातवा?" स्टॉलवाले काका म्हणायचे, "फुडच्या आठवड्यात, ताई." अशी किती वर्षं गेली. लेखक टोपणनावानं लिहिणारा, कोण कुठला पत्ता नाही. काका एकदा वैतागून म्हणाले, "मेला असंल वो त्यो लिवणारा." नंदा चिडली. "मरंल कसा? गोष्ट अर्धी हाय अजून!" मला त्या वेळी हसू आलं होतं. आता ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो. गोष्ट अर्धी असली की माणूस मरत नाही, असं खरोखर तिला वाटायचं का? मलाही वाटत होतं की काय...

मग सातवा भाग तीच एसटीत सांगायला लागली. रोज वेगळा. कधी अभिराज कडेगावला ऊसतोडीच्या टोळीत लपायचा आणि उन्हानं हैराण व्हायचा, कधी शलाकाची सासू त्याला लसणाची चटणी वाढायची. कंडक्टरसुद्धा तिकीट फाडता फाडता कान द्यायचा. आमचं भांडण मात्र शेवटावरून. माझं म्हणणं, त्यानं चावावं आणि दोघांनी कायम सुखानं राहावं. नंदाला हे मुळीच पटायचं नाही. "मरायचंच न्हाई म्हंजे काय गं? जलमभर भांडी घासायची? रिटायर कवा व्हायाचं माणसानं? शलाकानं त्याला सांगावं, मला म्हातारं व्हायचंय. दात पडस्तवर जगायचंय. नातवंडांवर खेकसायचंय. तू बस तिकडं पंचविशीचा." असं हातवारे करत, खिडकीचा गज धरून बोलायची. तिला म्हातारं व्हायचं होतं हो. याची तिला हौस होती. बायका पांढरा केस दिसला की उपटतात, हिनं पहिला दिसला तर मला बोलवून दाखवला. चाळिशीही गाठली नाही तिनं.

घरातही तेच. कुणाला डास चावला, ढेकूण चावला, की सोनी नाहीतर तिचा धाकटा भाऊ ओरडणार, अभिराज आला! दाजी करवादायचे, "ह्या बयेनं घराचं नाटक केलंय." एवढं सगळं त्या मेल्या पुस्तकांनी दिलं आम्हाला. मागच्या वर्षी माझी बदली आष्ट्याला झाली, तेव्हा एसटीतली सोबत तुटली. शेवटची भेट सांगली स्टँडवर, गर्दीत, दोघींच्या गाड्या लागलेल्या. ती लांबूनच दोन्ही हात हलवून ओरडली, "न्हाई आला!" आणि गाडीत चढली. मी हसले आणि माझ्या गाडीकडे पळाले. नीट बघितलंसुद्धा नाही तिच्याकडे. कोण बघतं असं, स्टँडवर?

हे लिहून अर्धं झालं आणि राहवेना, म्हणून मुक्कामाच्या तयारीनं पुन्हा कुंडलला गेले. गेले तर नंदाच्या सासूबाईंनी सहाही भाग पाणी तापवायच्या बंबापाशी नेऊन ठेवलेले. "हेस्नी जाळा आदी, ह्येंनीच माझी सून खाल्ली." त्यांना तरी काय बोलायचं, सून म्हणजे जीव होता त्यांचा. दाजी काही न बोलता उठले, पुस्तकं उचलून आत आणली आणि मला म्हणाले, "मी वाचाय घेतल्यात. तिसऱ्यात हाय. बघतो तर खरं, काय घावायचं तिला ह्यात." जन्मात वर्तमानपत्राची मागची बाजू न उलटलेला माणूस हा. मला तोंड फिरवून बाहेर जावं लागलं. रात्री सगळ्यांची अंथरुणं कॉटवर आणि बाकावर होती, जमिनीवर कुणीच झोपत नाही आता.

सकाळी जाग आली ती मानेवर गार बोटं लागून. सोनी होती. माझा सुटलेला अंबाडा तिनं एका हातानं वर धरला होता आणि कानामागं, मानेच्या खळगीत, केसांच्या मुळाशी निरखून बघत होती. "काय न्हाई, मावशी. ऊठ आता." सासूबाई चुलीपाशी होत्या, त्यांनी सांगितलं, रोज करतेय. बापाची मान, मग पाय, तसंच भावाचं, आजीचं, शेजारची म्हातारी आली तर तिचंही. कुणाचं पोट दुखलं की त्याला बसवून दिव्यापाशी नेते. नंदानं घर चेष्टेत सांभाळलं आणि तिची लेक आता असं सांभाळतेय... मला काय सुचलं कुणास ठाऊक. खूप भीती वाटत होती, तरी म्हटलं, "काय न्हाई? बघ नीट. म्हंजे माझ्याकडं यायचंबी जमंना व्हय मेल्याला?"

तिचा हात मानेवरच थांबला. सासूबाईंच्या हातातला तवा तसाच राहिला. मला वाटलं, संपलं, काय बोलून बसले मी हे. आणि सोनी हसली. फिस्सकन, नाकातून, अगदी तिच्या आईसारखी. लगेच दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं, डोळे असे विस्फारलेले की जणू आता घरातलं आणखी कुणी मरणार आहे. मी उठून बसले आणि तिचे हात ओढून काढले. जोर लावावा लागला. म्हटलं, "हास. ऐक माझं. तुझी आई हसल्यानं मेली न्हाई. साप चावून मेली. चावला तवा ती झोपेत हुती, तूबी झोपेत हुतीस. सकाळी तू तिला हसवलंस, एवढंच तू केलंस."

तिनं आजीकडे बघितलं. सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या, पण मान हलवून व्हय म्हणाल्या. सोनीनं नाक पुसलं, केस कानामागं सारले.

"पाय ऱ्हायलं बघायचं," ती म्हणाली. "फुडं कर, मावशी."

मी पाय पुढं केले.