पाढेबाईंना यंत्र होता येईना

सातवीचं गणित गेली सव्वीस वर्षं पाढेबाईंकडे होतं. एकोणतीसचा पाढा त्या उलटा म्हणून दाखवायच्या म्हणून हे नाव पडलं, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. अशात वरून फर्मान आलं, की यापुढे गणिताच्या शिक्षकानेच कोडिंग शिकवायचं. महिन्याने तपासणी. पाठ जमला तर वर्ग राहणार, नाहीतर तो नव्या सरांकडे आणि बाईंच्या हाती ग्रंथालयाच्या किल्ल्या. काही झालं तरी वर्ग सोडायचा नाही, असं बाईंनी ठरवून टाकलं.

प्रशिक्षणात एक खेळ शिकवला होता. संगणकाला हात लावण्याआधी शिक्षकाने यंत्र व्हायचं. मुलं सूचना देतील त्या जशाच्या तशा पाळायच्या. सूचना चुकली तर यंत्रही चुकणार, आणि मग चूक हुडकायची ती मुलांनीच. बाईंना वाटलं, हात्तिच्या, एवढंच ना! पण जित्याची खोड काही सुखासुखी जाते थोडीच?

घरी लेकीने तालीम घेतली. "आई, पाच पावलं पुढे."

बाई तिसऱ्याच पावलाला थांबल्या. "अगं, समोर कपाट आहे!"

"असू दे की! यंत्राला कपाट दिसत नाही."

"मला दिसतं, त्याला मी काय करू?"

लेकीची हसून पुरेवाट झाली. बाईंना मात्र रडू फुटायचं बाकी होतं. सगळं कळत होतं, पण वळत नव्हतं. मुलाने गणित अर्धवट सोडलं, तरी त्याला काय म्हणायचं होतं ते ओळखून बाई पुरं करून टाकायच्या. जन्मभर हेच केलेलं.

तपासणीच्या दिवशी साहेब शेवटच्या बाकावर बसले. बाई दाराशी यंत्र होऊन उभ्या राहिल्या. फळ्याजवळचा खडू उचलायचा होता. साहेबांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला उठवलं.

"चार पावलं पुढे. डावीकडे वळा. दोन पावलं पुढे. खडू उचला."

डावीकडे खिडकी होती, फळा उजवीकडे. चार पावलं टाकून बाई थबकल्या. 'वळ डावीकडे, बाई, वळ,' त्यांनी स्वतःला बजावलं. तेवढ्यात पोरीचा भेदरलेला चेहरा दिसला. पाय ऐकेनात. त्या उजवीकडे वळल्या, खडू उचलला आणि वर "शाब्बास!" म्हणाल्या. वर्गाने टाळ्या पिटल्या.

"तिने डावीकडे सांगितलं होतं, बाई," साहेब म्हणाले.

"हो साहेब. पण पोर चारचौघांत चुकली असती."

"पाठ तोच होता ना?"

साहेब हे इतक्या मऊपणे बोलले, की त्यापेक्षा खेकसले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी वर्ग गेला. ग्रंथालय वर्गाला लागूनच, त्यामुळे कान बंद करायचीही सोय नाही. तिसऱ्या तासाला पलीकडे धाडकन आवाज झाला. नवे सर सूचनेबरहुकूम सरळ चालत जाऊन टेबलावर आदळले होते. हशा पिकला. त्या गलक्यातून एक आवाज वर आला. "सर, थांबा! चूक माझी झाली. कुठे झाली तेही सांगते!"

तीच मुलगी. बाईंच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. वर्षभरात ही पोर त्यांच्या वर्गात एकदाही आपणहून बोलली नव्हती. बिचारी घाबरट आहे, असं म्हणून त्याच तिची उत्तरं देत आल्या होत्या.