मेलियाची घंटा आणि इवान्थियाचा पाव

नवरा थोमास गेला आणि बाराव्या दिवशी इवान्थियानं त्याचा पावाचा टेम्पो बाहेर काढला. वय त्रेपन्न, अंगावर काळं, डोक्याला काळा रुमाल. गाडी तिला येत होती. नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यात तीच चालवायची, आणि तो शेजारी बसून वळणावळणाला शिव्या घालायचा. खालच्या शहरातल्या बेकरीतून पहाटे मोठे गोल पाव भरायचे आणि पिंडोस डोंगराच्या घाटातली पाच गावं करून यायचं, हे त्या घराचं सव्वीस वर्षांचं काम.

बेकरीचा मालक झीसिस माणूस वाईट नव्हता, पण जिभेला त्याच्या हाड नव्हतं. "हे बघ बाई, शनिवारपर्यंत चालव. पाव असेच परत येत राहिले तर हा रस्ता पुतण्याला देतो. शिळे पाव मी कुणाला चारू?"

पाव परत येत होते, कारण इवान्थिया भोंगा वाजवत नव्हती.

त्या डोंगरात ज्याचा त्याचा भोंगा ठरलेला. दोन लांब, एक आखूड म्हणजे थोमासचा पाव. दगडी घरं रस्त्याच्या खाली, उतारावर. भोंगा कानावर पडला की म्हाताऱ्या पिशव्या घेऊन वर चढायच्या. पण नवरा जाऊन चाळीस दिवसही न झालेल्या बाईनं भोंगा वाजवत गावात शिरायचं, हे तिच्यानं होईना. बोट बटणापर्यंत जायचं आणि मागं यायचं. मग ती चौकातल्या चिनाराखाली गाडी लावून नुसती बसायची. खाली म्हाताऱ्या म्हणायच्या, बिचारीच्या घरी दुःख, आता कुठला पाव. आणि वाळके टोस्ट दुधात बुडवून गिळायच्या. ही वर उपाशी नजरेनं बसलेली, त्या खाली.

शुक्रवारी मेलियात धर्मगुरू पापा-लाम्ब्रोस चर्चची पायरी झाडत होते. झाडू घेऊनच ते खिडकीशी आले.

"पोरी, तू विकायला आलीस की लपायला?"

तिनं सगळं सांगितलं. भोंग्याचं, झीसिसच्या शनिवारचं.

"भोंगा बरा दिसत नाही, बाबा."

"बरं, नको वाजवूस. पण रोजचा पाव दे म्हणून मी रोज देवाच्या मागं लागतो. मग पाव दारात आल्यावर मी का गप्प बसू?"

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, झगा सावरला आणि घंटेची दोरी धरली.

तेरा माणसांचं गाव. तिथं आडवारी सकाळी दहाला घंटा वाजते याचा अर्थ एकच. पाच मिनिटांत सगळं गाव धापा टाकत वर आलं. बायकांच्या डोक्यावर काळ्या शाली, म्हाताऱ्यांच्या टोप्या हातात, आणि जो तो मनातल्या मनात डोकी मोजतोय.

"कोण गेलं?" स्तामातो म्हातारीनं विचारलं.

"कुणी नाही. पाव आलाय."

"मग लेफ्तेरिस?"

"हा काय, तुझ्या मागं."

म्हातारीनं वळून दिराला खालीवर न्याहाळलं. "वाटभर याच्यासाठी रडत आले की मी. आता ते रडणं कुठं नेऊ?"

"राखून ठेव," लेफ्तेरिस म्हणाला. "लागेल."

सगळे हसले. इवान्थियानं रुमालाचं टोक तोंडावर धरलं. हसू तिलाही आवरेना. स्तामातोनं दोन पाव उचलले.

"दात एक आणि पाव दोन?" लेफ्तेरिसनं विचारलं.

"एक कोंबड्यांना. तुला काय करायचंय?"

तिचं बघून प्रत्येकानं दोन-दोन घेतले. पाचही गावांच्या चर्चच्या किल्ल्या पापांकडेच असायच्या. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत ते थोमासच्या जागी, म्हणजे शिव्या घालायच्या जागी, येऊन बसले. दरीत ढग अजून झोपलेले होते. पुढच्या दोन गावांत तोच घाबरगुंडीचा खेळ झाला. चौथ्या गावात फोन आधीच पोचला होता, तरी एक आजी काळी शाल घेऊनच आली. म्हणाली, खात्री नको का?

शेवटच्या कास्तानियात पोचले तेव्हा खोकी रिकामी होती. चार बायका रिकाम्या पिशव्या घेऊन उभ्या.

इवान्थियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मावशी, माझं चुकलं. खालच्या गावांत मी जास्तच देऊन बसले."

पोलिक्सेनी मावशीनं खोक्यात वाकून पाहिलं. पापांनी हळूच तिच्या कानात शनिवारचं सांगितलं.

"चुकलं कसलं? जा आणि सांग त्या झीसिसला, कास्तानियाच्या बायका पावावाचून राहिल्या. तोंड भरून सांग. आमचं आज पीतावर भागेल." आणि पाला-चीज भरलेल्या पीताचा सगळ्यात मोठा तुकडा फडक्यात बांधून तिच्या मांडीवर ठेवला. "खा आधी. चेहरा बघ कसा झालाय."

घाट उतरताना ती एका हातानं खात होती, आणि समोरचा रस्ता सारखा पाण्यातून दिसत होता. पापांनी हे पाहिलं असावं, कारण ते सबंध वाट खिडकीबाहेर बघत राहिले.

झीसिस पिठाचे हात कमरेवर ठेवून दारात उभा होता. तिनं स्वतःच टेम्पोचं मागचं दार उघडलं.

"कमी पडले," ती म्हणाली. "कास्तानियाच्या बायका तक्रार करत होत्या." एवढी गोड तक्रार तिनं आयुष्यात कुणाची पोचवली नव्हती.

झीसिसनं एकेक खोकं हलवून पाहिलं. "मग उद्या जास्त भरू?"

"भर. कास्तानियाचे आधी, वेगळे बांधून."